मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन डिस्ने वर्ल्डला जावं की पुढे ढकलावं? (१८ ते २२ डिसेंबर २०२१)

नमस्कार.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मी, नवरा, सात वर्षांचा मुलगा आणि साडेतीन वर्षांची मुलगी. माझे आई-बाबा १६ नोव्हेंबरला सांगलीहून आले आहेत, २० जानेवारीला परत जाणार. १८ ते २२ डिसेंबर असं फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डचं बुकिंग केलंय. आज ५ तारीख आली तरी जावं की नाही हे ठरत नाहीये. नवरा आणि मी रोज रात्री तेच तेच बोलतो आणि तिथेच येऊन थांबतो, म्हणून इथे विचारते आहे. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला देता येणार नाही.

ही सहल खरं तर एप्रिल २०२० ची. तेव्हा आई-बाबांची तिकिटं काढली होती, व्हिसा हातात होता. १६ मार्चला डिस्ने वर्ल्डची चारही पार्कं बंद झाली आणि त्याच आठवड्याच्या शेवटी भारतातली आंतरराष्ट्रीय विमानं थांबली. पार्कं ११ जुलैपासून उघडायला लागली, पण आई-बाबाच येऊ शकत नव्हते तर आम्ही कशाला जायचं? मग या वर्षी दुसरी लाट आली. आमच्या जवळच्या नात्यातली दोन माणसं गेली, त्यातला एक माझा मामा. मी इथे बसून फोनवर रडले, तेवढंच. ४ मेपासून भारतातून इकडे यायला बंदी आली, ती ८ नोव्हेंबरला उठली. आईचे दोन्ही डोस कोव्हॅक्सिनचे आहेत. ३ नोव्हेंबरला जागतिक आरोग्य संघटनेने कोव्हॅक्सिनला मान्यता दिली, त्याच रात्री आम्ही तिकिटं काढली.

मी लहान असताना बाबा दरवर्षी मला जत्रेत न्यायचे. मला पाळण्यात बसवायचे आणि स्वतः खाली उभे राहायचे, कारण दोघांच्या तिकिटाला पैसे नसायचे. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, मला मोठी झाल्यावर कळलं. एकदा तरी त्यांना माझ्या मुलाच्या शेजारी बसलेलं बघायचंय.

आता अडचणी. बाबा ७१ वर्षांचे, २०१६ मध्ये बायपास झाली आहे, आता प्रकृती चांगली आहे. आई ६६, गुडघे दुखतात, सलग अर्ध्या तासावर चालवत नाही. दोघांचा दुसरा डोस मे महिन्यातला. आम्ही दोघांनी बूस्टर घेतलाय. मुलाचा दुसरा डोस २८ नोव्हेंबरला झाला, म्हणजे १२ डिसेंबरला दोन आठवडे पूर्ण होतात. मी तारखा निवडल्या त्याच यावरून. मुलीला मात्र लस नाही. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी अजून काहीच आलेलं नाही. मागच्या वेळी तिला तिकीट लागणार नव्हतं, आता तीन पूर्ण झाल्यामुळे लागलंय. इतका काळ गेला!

बुकिंग केलं तेव्हा सगळं निवळत होतं. २६ नोव्हेंबरला ओमिक्रॉनचं नाव आलं, १ डिसेंबरला कॅलिफोर्नियात पहिला रुग्ण सापडला आणि परवा शुक्रवारी आमच्या न्यू जर्सीतही. तेव्हापासून मी दिवसातून दहा वेळा बातम्या बघते.

पैशांचं म्हणाल तर रूम पाच दिवस आधीपर्यंत रद्द केली तर भरलेले पैसे परत मिळतात, म्हणजे १३ तारखेपर्यंत. पार्कच्या तिकिटांचे पैसे परत मिळत नाहीत, पण तारीख बदलता येते. विमानाचं क्रेडिट मिळेल. त्यामुळे नुकसान फारसं नाही, प्रश्न फक्त १३ तारखेच्या आत मन पक्कं करण्याचा आहे.

जे गेल्या दोन महिन्यांत जाऊन आलेत त्यांनी कृपया सांगा: आत प्रत्यक्षात गर्दी किती असते? बंदिस्त जागेत मास्क सक्तीचा आहे हे वाचलंय, पण लोक तो घालतात का? रांगा उघड्यावर असतात की इमारतीच्या आत? आईला व्हीलचेअरवर नेलं तर तिला आवडेल असं काय आहे? दोघंही शाकाहारी आहेत. बाहेर बसून जेवता येईल अशा जागा आहेत का? आणि मे महिन्यात दुसरा डोस झालेल्या पाहुण्या आई-वडिलांना इथल्या फार्मसीत तिसरा डोस मिळाला, असं कोणाचं झालंय का?

शेवटचा प्रश्न पार्कचा नाही. परवा जेवताना आई म्हणाली, "तुम्ही चौघं जाऊन या, आम्ही दोघं घरी राहतो, मला काय करायचंय तिथे." ती घाबरली आहे म्हणून म्हणते, का आमच्या मजेत आपली अडचण नको म्हणून, हे मला समजत नाही. बाबा काहीच बोलले नाहीत. अशा वेळी तुम्ही काय केलं असतं?

केशरबाग (५ डिसेंबर)

मी फ्लोरिडातच टँपाला राहते. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सासूबाईंना (वय ६९) घेऊन तीन दिवस जाऊन आले, म्हणून पाहिलेलं तेवढंच सांगते.

गर्दी भरपूर आहे. मागच्या वर्षी मोजकी माणसं आत सोडायचे आणि रांगेत सहा-सहा फुटांवर खुणा होत्या, ते चित्र डोक्यात असेल तर काढून टाक. तापमान तपासणं मे महिन्यातच बंद झालं, खुणाही गेल्या. प्रत्येक दिवसासाठी पार्कचं वेगळं आरक्षण मात्र अजून लागतं. तू फक्त तिकिटं काढली असशील तर आधी ते बघ, नाहीतर दारातून परत फिरावं लागेल. ३० जुलैपासून बंदिस्त जागेत, बसमध्ये आणि मोनोरेलमध्ये दोन वर्षांवरच्या सगळ्यांना मास्क आहे. आत तिथली माणसं आठवण करून देतात आणि बहुतेक लोक ऐकतात. उघड्यावर कोणी घालत नाही. बऱ्याच रांगा बाहेर सुरू होतात आणि शेवटची वीस-पंचवीस मिनिटं इमारतीत जातात, तिथे दाटी होते.

आम्ही जिनी प्लस (पैसे भरून छोट्या रांगेतून राइडला जायची डिस्नेची सोय) घेतलं होतं, माणशी दिवसाला १५ डॉलर अधिक कर. लोक ते वेळ वाचवायला घेतात, मी घेतलं ते आतल्या रांगेत कमी थांबावं म्हणून. सकाळी सातला फोनवरून पहिली राइड धरायची.

तुझ्या आई-बाबांसाठी मी चार पार्कांपैकी अ‍ॅनिमल किंगडम आधी ठेवेन. किलिमांजारो सफारीचा ट्रक दोन्ही बाजूंनी उघडा असतो. सासूबाईंनी जिराफ इतक्या जवळून पाहिला की त्या रात्री झोपेपर्यंत तेच बोलत होत्या. दुसरं एपकॉट. तिथे तळ्याभोवती अकरा देशांचे विभाग आहेत, पूर्ण फेरी दोन किलोमीटरच्या आसपास होते, सगळं उघड्यावर. पार्कची व्हीलचेअर दिवसाला १२ डॉलरला मिळते. सासूबाई आधी "लोक काय म्हणतील" म्हणून बसायला तयार नव्हत्या, दुपारनंतर स्वतःच मागायला लागल्या. मॅजिक किंगडममध्ये आतषबाजीच्या वेळी किल्ल्यासमोर माणसाला माणूस चिकटलेला असतो. तिथे अजिबात उभे राहू नका. तळ्यापलीकडे पॉलिनेशियन हॉटेलचा वाळूचा किनारा आहे, तिथून सगळं दिसतं आणि अंतर राहतं.

जेवणाचं सोपं आहे. फोनवरून मागवायचं, घ्यायचं आणि बाहेरच्या टेबलावर बसायचं. अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधल्या सना नावाच्या रेस्टॉरंटमध्ये नान आणि चटण्यांचं ताट मिळतं, खिडकीतून प्राणी दिसतात. ते मात्र आत बसून. आम्ही दुपारी साडेतीनला गेलो, शेजारची तीन टेबलं रिकामी होती.

एक आहे, मी गेले तेव्हा ओमिक्रॉन नव्हता. आज पुन्हा जाशील का, असं विचारलंस तर माझंही उत्तर पटकन येत नाही.

सोनचाफा (५ डिसेंबर)

मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते, रोज याच चाचण्या करते. त्या बाजूने एक गोष्ट सांगते, जी तुमच्या यादीत दिसली नाही.

आई-बाबांना परत जाताना निघण्याआधी ७२ तासांच्या आतली आरटीपीसीआर निगेटिव्ह लागते, ती एअर सुविधावर (भारत सरकारच्या प्रवाशांसाठीच्या संकेतस्थळावर) चढवावी लागते. सहलीत संसर्ग झाला आणि अगदी सौम्य झाला, तरी आरटीपीसीआर काही जणांची कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येत राहते. माणूस बरा झालेला असतो, पण चाचणी ते सांगत नाही. २२ डिसेंबर ते २० जानेवारी यात चारच आठवडे आहेत. तेव्हा बाबांच्या गोळ्या किती दिवसांच्या आहेत ते आज मोजा. बहुतेकांनी नेमक्या परतीच्या दिवसापर्यंत आणलेल्या असतात. हृदयाच्या गोळीत खंड पडून चालत नाही. जाणार असा किंवा नसा, पण इथल्या एखाद्या डॉक्टरांना दाखवून औषधांच्या मूळ नावांनी चिठ्ठी लिहून घ्या. त्या गोळ्या इथे ब्रँड नसलेल्या (जेनेरिक) रूपात फार महाग पडत नाहीत.

दुसरं, पाहुण्यांचा इन्शुरन्स. कोविड नवा आजार म्हणून धरला आहे का आणि बायपासमुळे काय वगळलं आहे, हे पॉलिसीच्या कागदात स्वतः वाचा. एजंटच्या तोंडी सांगण्यावर राहू नका.

विमानात आणि आतल्या रांगेत कापडी मास्क नको, केएन९५ घ्या, आणि मुलीच्या मापाचे आधी घालून बघा. निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांची घरी अँटिजेन चाचणी करा. किट आत्ताच घेऊन ठेवा.

पाणवठा (६ डिसेंबर)

ताई, मी गेलो नसतो. दोन आठवड्यांनी काय असेल हे आज कोणालाच माहीत नाही, आणि तुम्ही नेमक्या नाताळाच्या तोंडावर जाताय, जेव्हा विमानतळापासून सगळंच भरलेलं असतं.

पण तुमचं लिखाण वाचून एक विचारावंसं वाटतं. सहलीची तारीख हलत नाही असं तुम्ही धरलंय, कारण २० जानेवारी हलत नाही. ती खरंच हलत नाही का? पाहुण्यांच्या व्हिसावर उतरताना साधारण सहा महिन्यांची मुदत देतात. आय-९४ (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल याची सरकारी नोंद) ऑनलाइन उघडून बघा, तारीख असेल. माझ्या आईवडिलांचं आम्ही असंच दोन महिने वाढवलं. तिकिटाची तारीख बदलायला थोडेच पैसे लागले. मार्चमध्ये ही लाट कशी होती ते तरी कळलेलं असेल.

आणि आईंना जेवणाच्या टेबलावर नका विचारू. सगळ्यांसमोर आपल्याकडच्या बायका "मला काय करायचंय" हेच म्हणतात. भाजी निवडताना एकटीला विचारा.

धागालेखिका (८ डिसेंबर)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुपारी नवरा मुलांना घेऊन लायब्ररीत गेला, बाबा झोपले होते, तेव्हा आईला विचारलं. मेथी निवडत होतो, पाणवठा, अगदी तुम्ही म्हणालात तसं.

तिला गर्दीची भीती नाही, आजाराचीही तेवढी नाही. मामाला सांगलीत दवाखान्यात नेलं तेव्हा गाडीचं दार लागलं ते शेवटचं. आत कोणाला सोडलं नाही. आई म्हणाली, "तिकडे निदान मराठी बोलणारी नर्स होती गं. मला इथे काही झालं आणि एकटीला आत ठेवलं तर मी पाणी तरी कसं मागू?" गेले तीन आठवडे ती हे मनात घेऊन माझ्या घरात वावरत होती. मी तिच्यासमोर राइडचे व्हिडिओ लावत होते.

मग बाबांशी बोललो. ते म्हणाले मार्च चालेल, घराची किल्ली शेजारी आहेच. आय-९४ वर १५ मेची तारीख आहे. डिसेंबरची रूम आज रद्द केली आणि ६ ते १० मार्चची घेतली, तीही रद्द करता येईल अशीच. पार्कचं आरक्षण नव्या तारखांना मिळालं. आधी अ‍ॅनिमल किंगडम, मग एपकॉट, मॅजिक किंगडमला एकच दिवस. परतीचं तिकीट २० मार्चचं होतंय. आईला मी शब्द दिलाय की दवाखान्यात जायची वेळ आलीच तर दुभाषा मागता येतो का आणि तिच्याजवळ थांबायला मिळतं का, हे जवळच्या रुग्णालयात आधीच फोन करून विचारून ठेवेन. इथल्याही आणि डिस्नेजवळच्या ऑरलँडोच्याही.

सोनचाफा, बाबांच्या गोळ्या मोजल्या. २४ जानेवारीपर्यंतच्याच निघाल्या. पुढच्या सोमवारची इथल्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, सांगलीच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी व्हॉट्सअ‍ॅपवर मागवली आहे.

आता एवढंच विचारायचंय: इन्शुरन्सची मुदत दोन महिने वाढवताना जुनीच पॉलिसी वाढवावी की नवी घ्यावी? नवी घेतली तर मधल्या काळात झालेला आजार आधीचा धरतात का? आणि तिसऱ्या डोसचा माझा वरचा प्रश्न अजून तसाच आहे. कोणी आई-वडिलांना दिला असेल तर फार्मसीत कोणते कागद दाखवावे लागले ते लिहा, मी या आठवड्यातच दोघांना घेऊन जाणार आहे.