फ्लूच्या आयुर्वेदिक गोळ्या: टेस्ट करूनच विकायच्या, का उगा वाद?

रंकाळ्याचा_भावा: पावसाळा लागला की कोल्हापुरात लक्ष्मीपुरी, महाद्वार रोड कुठंबी जावा, मेडिकलच्या काउंटरवर गुळवेल-तुळशीच्या गोळ्यांचे डबे, वर लिवलेलं ‘फ्लूत लगेच आराम’. आराम देतो म्हणून पैसे घेताय ना, मग टेस्ट दाखवा. फ्लू तसाबी बहुतेकांचा आठवड्याभरात उतरतोय, मग गोळीनं उतरला का आपोआप हे कळणार कसं? निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची, आणि कुणाला कुठली दिली हे डॉक्टरलाबी ठाऊक नको, एवढंच म्हणतोय.

पेठेतली_काकू: सुंठ, तुळस, गवती चहा उकळून सासूबाई द्यायच्या, मीबी देते. घसा शेकतो, घाम येतो, पोरगं झोपतं. कुणाला कधी काय झालं नाही बघ. आता पांढऱ्या रश्श्याचीबी टेस्ट काढा!

रंकाळ्याचा_भावा: काकू, रस्सा मीबी ओरपतोय की. घरच्या काढ्याला कोण काय म्हणत नाही, डब्यात भरून दावा करून विकतात त्यांचं बोलतोय. आणि ‘काय होत नाही’ म्हणाल तर 2021 ला मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या 6 पेशंटच्या लिव्हरला त्रास झाल्याचं छापलंय.

वैद्य_शाहूपुरी: अर्धीच गोष्ट सांगू नका. आयुष मंत्रालयानं तेव्हाच सांगितलं होतं की तशीच दिसणारी दुसरी वेल असू शकते.

रंकाळ्याचा_भावा: मग डब्यात कुठली वेल हाय हे तरी तपासा की ओ!

वैद्य_शाहूपुरी: ते तपासायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण आम्ही प्रकृती बघून औषध देतो, सगळ्यांना एकच गोळी हे आमचं शास्त्रच नाही. आणि तुमची ती फ्लूवरची इंग्रजी गोळी टॅमीफ्लू, मोठ्या माणसांची लक्षणं साधारण 17 तास लवकर कमी करते, बास. त्याचा केवढा गाजावाजा.

मेडिकलवाला_दादा: वैद्यबुवा, ते 17 तास कळले कशावरनं? टेस्ट केली म्हणूनच ना. एल्डरबेरी या परदेशी फळाचंच बघा, तिकडं फ्लूवर लई खपतंय. 2004 ला नॉर्वेत 60 जणांवर टेस्ट, चार दिवस लवकर बरे झाले म्हणे, सगळे खूश. 2020 ला अमेरिकेत 87 जणांवर केली तर काय फायदाच दिसला नाही. म्हणजे एका छोट्या टेस्टवर डब्यावर छापायची घाई नको. आणि वनस्पतीत काय नसतंय असंबी नाही, खोकल्याचं ब्रोमहेक्झिन अडुळशातल्या घटकावरनंच बनवलंय, टॅमीफ्लूचा कच्चा माल आपल्या मसाल्यातल्या चक्रीफुलातनं काढायचे. (म्हणून कुणी चक्रीफूल चघळत बसू नका, तिथनं गोळीपर्यंत लई प्रक्रिया असते.)

पेठेतली_काकू: एवढं सगळं करून गोळी महाग झाली तर गरिबानं काय करायचं? काढा दहा रुपयात होतो.

रंकाळ्याचा_भावा: तेच तर, काढाच प्या की, डब्याला तीनशे कशाला घालवायचे?

वैद्य_शाहूपुरी: प्रकृतीप्रमाणे औषध देऊनसुद्धा चाचणी करता येते, वैद्याचे उपचार एकीकडं, नेहमीचे एकीकडं. मी तयार आहे. पण तुळशीचं पेटंट कुणाला मिळणार नाही, मग कंपनी पैसे घालणार का? सरकारनं घालावेत असं म्हणा, लगेच सही करतो.

मेडिकलवाला_दादा: तोवर ‘लगेच आराम’ तेवढं डब्यावरनं काढा.