गच्चीवरचं सोलर: रविवारच्या सभेआधी

सचिव (ए-१०४): सर्वांना नमस्कार 🙏 रविवारी सभा. मुख्य विषय गच्चीवर २० किलोवॉट सोलर. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे. केंद्राच्या सूर्यघर योजनेत सोसायटीला किलोवॉटमागे १८,००० अनुदान आहे, म्हणजे ३ लाख ६० हजार. मतं कळवा.

साने काका (बी-३०२): अनुदान म्हणजे आपल्याच खिशातलं. त्या योजनेला ७५,०२१ कोटी. अणुऊर्जा मिशनला २०२५ च्या बजेटमध्ये किती? २०,०००. आणि २०४७ पर्यंत १०० गिगावॉट हवेत म्हणे. २०२५ मध्ये ९ च्या आत होतो.

रोहन (सी-५०१): काका, ते २० हजार छोट्या अणुभट्ट्यांच्या संशोधनाला आहेत. २०३३ पर्यंत पाच चालू करायच्यात. इकडे एक कोटी घरांवर वीज होणार. तुलनाच चुकतेय.

साने काका: तारापूरच्या अणुवीज केंद्रात एकतीस वर्षं काढलीत मी. रात्री दोन वाजता तुझी गच्ची काय देते ते सांग.

रोहन: तारापूरचे पहिले दोन युनिट २०२० पासून कितीतरी वर्षं दुरुस्तीला बंद होते, तेव्हा रात्री दोनला ते काय देत होते? 😀

साने काका: १९६९ ची मशीन आहे ती. पन्नाशीनंतर तूही सर्व्हिसिंगला जाशील.

राणे (बी-१०३): मी राजापूरचा, म्हणून बोलतो. जैतापूरच्या अणुप्रकल्पाला २०१० मध्ये पर्यावरण मंजुरी. ९,९०० मेगावॉट, जगात सगळ्यात मोठा म्हणून गाजावाजा. माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे, एकूण ९३८ हेक्टर गेले. एप्रिल २०११ ला साखरीनाट्यात आंदोलकांवर पोलिसांचा गोळीबार, एक जण गेला. पुढे मोबदला वाढवून हेक्टरी साडेबावीस लाख केला. आणि वीज? एक युनिट नाही. कातळावर कुंपण तेवढं आहे.

राणे: जैतापूरला येणार होती त्याच फ्रेंच बनावटीची भट्टी फ्रान्सने स्वतःच्या घरी फ्लामांविलला बांधली. २००७ ला काम सुरू, अंदाज ३.३ अब्ज युरो. ग्रिडला जोडली डिसेंबर २०२४ ला, खर्च १३ अब्जांवर. आपण कुठल्या हिशोबाने घेणार होतो?

साने काका: फ्रेंच भट्टीची बाजू मी घेतच नाही. आपली ७०० मेगावॉटची बघा ना. गुजरातेत काकरापारला चालू आहेत की.

राणे: २०१० ला सुरू, तिसरं युनिट २०२३ ला बाजारात. तेरा वर्षं काका. तेवढ्यात माझी मुलगी बारावीला आली.

मीनाताई (ए-२०२): माझं माहेर पाटण. कोयनेच्या धरणग्रस्तांचे अर्ज अजून फिरतायत, आता तिसरी पिढी. सोलरवाल्यांनीही हसू नये. धुळ्याच्या विखरणचे म्हातारे शेतकरी, सोलरसाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यापायी २०१८ मध्ये मंत्रालयात विष प्यायले. वीज कुठलीही असो, जमीन कुणाची ते आधी विचारा.

रोहन: ताई, म्हणूनच गच्ची. इथे कुणाचं शेत जात नाही.

साने काका: गच्चीने कारखाने चालत नाहीत. आणि संध्याकाळी सात ते दहा सगळे एसी, गीझर, मिक्सर एकदम लागतात तेव्हा?

रोहन: घाटघरचा पाण्याचा वीजप्रकल्प. २५० मेगावॉट, २००८ पासून. स्वस्त वीज असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडायचं. आता दिवसाच्या सोलरने चढवा. सरकारी पैसा मी तिथे घालीन.

साने काका: घाल की. पण मग सोलर इतक्या रुपयांत मिळतं म्हणताना ते पाणी चढवण्याचे पैसेही त्यात धर. तू धरत नाहीस.

रोहन: धरतो. तुम्ही भट्टीच्या उशिराचं व्याज धरा.

साने काका: धरलं. मी कधी नाही म्हणालो?

नेने काकू (सी-१०२): ते सगळं ठीक, पापड कुठे वाळवायचे? मे महिना तोंडावर आहे.

सचिव: काकू, २००० चौ. फूट लागेल, पूर्वेकडचा कोपरा मोकळा राहील. माझी काळजी वेगळी. वॉटरप्रूफिंगला पाच वर्षांची हमी आहे, बोल्ट मारले की ती जाते असं कंत्राटदार म्हणतो.

साने काका: बोल्ट लागत नाहीत. सिमेंटच्या ठोकळ्यांवर बसवतात, मी पुतण्याच्या सोसायटीत वर जाऊन बघून आलोय. वाऱ्याचा हिशोब मात्र लेखी घ्या.

रोहन: काका?? 😂

साने काका: सचिव, कॉमन मीटरची वर्षभराची बिलं रविवारी आणा. लिफ्ट दिवसा किती चालते आणि रात्री किती, ते बघूनच हात वर करीन.