मदत हवी आहे: टॉवेलच्या कारखान्यातली कातरण कुठे देता येईल?

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टेरी टॉवेलचे यंत्रमाग आहेत. काठाची कातरण, कोनावर (सूत गुंडाळायच्या शंकूवर) उरलेलं सूत, डागी माल यांची पोती रोज भरतात. सध्या भंगारवाला सगळं एकत्र, म्हणेल त्या भावात नेतो. त्यातलं काही पुढे जाळलं जातं, ते मनाला पटत नाही. चांगला कापूस आहे हो तो!

पानिपतला अशी कातरण पिंजून ओपन-एंड पद्धतीने (चातीऐवजी फिरत्या रोटरमध्ये पीळ देऊन) पुन्हा सूत काततात. पिंजताना तंतू आखूड होतात, त्यामुळे सूत जाडंच निघतं. पण सतरंजी, पायपुसणीला ते चालतं. रंगाप्रमाणे कातरण वेगळी केली तर पुन्हा रंगवावं लागत नाही, पाणी वाचतं. सोलापूरकरांना पाण्याचं मोल वेगळं सांगायला नको. आमची अडचण अशी की काठाच्या शिलाईत पॉलिस्टरचा दोरा असतो आणि तो मिसळला की भाव पडतो.

सोलापूर-इचलकरंजी भागात असं सूत कातणारं कुणी माहीत आहे का? किमान किती माल घेतात? शिलाईचा काठ वेगळा ठेवायची सोय तुम्ही कशी केलीत? शेजारचे कारखानदार मिळून एक गाडी भरायला तयार आहोत.