फॅट ३.५ आणि ३.५०: ऑप्शनलचं इक्वल्स मोडकं आहे का?

फॅट_एसएनएफ:
मंडळी, दोन दिवस डोकं खाल्लंय याने. एका दूध संघासाठी संकलनाचं सॉफ्टवेअर लिहितोय, जावा १७ मध्ये. रात्री गावोगावच्या केंद्रांवरून सगळ्या नोंदी परत येतात. फॅट बदललं असेल तरच 'दुरुस्ती' पडायला हवी. मशीन बंद असलं की फॅट येतच नाही, म्हणून ते ऑप्शनल, म्हणजे भरलेला किंवा रिकामा असू शकणारा खोका. त्याच्या आत फॅटचा रेकॉर्ड, रेकॉर्डात बिगडेसिमल (अचूक दशांश आकडा). तुलना साधीच, जुन्या ऑप्शनलला नव्याशी इक्वल्स.

काल सकाळी बघतो तर ३१२ दुरुस्त्या! लॉगमध्ये जुनं ३.५०, नवं ३.५. केंद्राच्या सचिवांचा फोन, "आमचं फॅट कोण बदलतंय हो?" गंमत म्हणजे ज्यांचं फॅट आलंच नाही त्या ओळी गप्प. डबल इक्वल लावून पाहिलं, तर फॅट असलेल्या झाडून सगळ्या ओळी वेगळ्या.

जुनाखोका:
ऑप्शनल बिचारा निर्दोष आहे. दोन्ही रिकामे तर ट्रू, एकच रिकामा तर फॉल्स, दोन्ही भरलेले तर तो आतल्यांना विचारतो. रेकॉर्डचं आयतं इक्वल्सही पुढे बिगडेसिमललाच विचारतं. आणि तिथे ३.५ म्हणजे ३५, स्केल (दशांश चिन्हानंतरचे अंक) १, ३.५० म्हणजे ३५०, स्केल २. इक्वल्स स्केल बघतं, कम्पेअरटू बघत नाही. तुझा डेटाबेसमधला कॉलम न्यूमेरिक (४,२), म्हणजे कायम दोन दशांश ठेवणारा असणार, पैज.

डबल इक्वल विसर. ते खोका तोच आहे का एवढंच बघतं.

फॅट_एसएनएफ:
पैज जिंकलात दादा. मग रेकॉर्डात इक्वल्स ओव्हरराइड करून कम्पेअरटू घालू?

जुनाखोका:
घाल, पण मग हॅशकोडही (हॅशसेट वस्तू ज्यावरून शोधतो तो आकडा) लिहावा लागेल. दोघांचे हॅशकोड वेगळे येतात, हॅशसेटमध्ये एकच फॅट दोनदा जाऊन बसेल. त्यापेक्षा दारातच धुऊन घे: रेकॉर्डच्या कन्स्ट्रक्टरमध्ये सेटस्केल २, राउंडिंगमोड अननेसेसरी. मशीनने उद्या ३.५२७ पाठवलं तर एक्सेप्शन येईल. येऊ दे. फॅटवर शेतकऱ्याचे पैसे ठरतात, तिथे गुपचूप राउंडिंग मला पटत नाही.

रिकामी_किटली:
मला त्या गप्प ओळींची जास्त काळजी वाटते. रिकामं आणि रिकामं सारखं, हे दुरुस्तीपुरतं ठीक. पण लागोपाठच्या दोन नमुन्यांचं फॅट तंतोतंत सारखं आलं तर शंका घ्यायची, असा नियम असेल तर? मशीन बंद असताना अख्खी रांग संशयित ठरेल. तिथे आधी दोन्हीकडे इजप्रेझेंट (आत काही आहे का) तपास, मगच तुलना.

हीच तुलना एसक्यूएलमध्ये नेलीस तर उलटा घोळ. नल (रिकामी किंमत) बरोबर नल विचारलं की उत्तर ट्रू येत नाही, नलच येतं. पोस्टग्रेसमध्ये 'इज नॉट डिस्टिंक्ट फ्रॉम' लिहावं लागतं.

फॅट_एसएनएफ:
तो नियम आहे आमच्याकडे, आणि मी तिथेही नुसतं इक्वल्सच लावलं होतं. बदललं.

रेकॉर्डही दुरुस्त केला. काल रात्री ४ दुरुस्त्या, चारही खऱ्या. एकीत जुनं रिकामं, नवं ४.१०. विचारलं तर म्हणाले, मशीन सुरू झाल्यावर राहिलेला नमुना लावला होता.