टॉम जॉन्स्टन यांनी युद्धकाळात इतके कसे साधले?

प्रश्न

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश मंत्रिमंडळाविषयी वाचताना टॉम जॉन्स्टन यांच्या नावापाशी मी थांबलो. १९०६ मध्ये ग्लासगोत 'फॉरवर्ड' हे समाजवादी साप्ताहिक काढणारे आणि उमराव घराण्यांनी जमिनी कशा बळकावल्या यावर १९०९ मध्ये जळजळीत पुस्तक लिहिणारे हे मजूर पक्षाचे नेते फेब्रुवारी १९४१ मध्ये चर्चिल यांच्या संयुक्त मंत्रिमंडळात स्कॉटलंडचे मंत्री झाले. सारा पैसा आणि सारे लक्ष युद्धाकडे वळलेले असताना, लंडनमध्ये फारसे वजन नसलेल्या या खात्यातून त्यांनी जलविद्युत मंडळ उभे केले आणि रुग्णालयांचा कारभार बदलला. हे कसे शक्य झाले? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

पहिला प्रतिसाद

माझ्या मते याचे उत्तर त्यांनी मंत्रिपद स्वीकारतानाच घातलेल्या अटीत आहे. स्कॉटलंडचे जे माजी मंत्री हयात होते, त्या सर्वांची एक परिषद त्यांनी मागून घेतली. तिच्यात वॉल्टर एलियट, आर्चिबाल्ड सिंक्लेअर, जॉन कोलव्हिल, अर्नेस्ट ब्राउन आणि लॉर्ड अलनेस असे पाच जण होते आणि त्यांपैकी एकही मजूर पक्षाचा नव्हता. ज्यांच्याशी निवडणुकीत लढायचे त्यांनाच एका टेबलाभोवती बसवून, त्यांचे ज्यावर एकमत होईल तेवढेच मंत्रिमंडळापुढे न्यायचे, हा त्यांचा शिरस्ता होता. त्यामुळे मागणी एका पक्षाची न राहता साऱ्या स्कॉटलंडची होई आणि ती नाकारणे चर्चिल यांनाही जड जाई. युद्धकाळातील मंत्रिपदाचे वेतन त्यांनी घेतले नाही, ही गोष्टही त्यांच्या शब्दाला वजन देणारी ठरली असावी.

रुग्णालयांचे उदाहरण मला विशेष महत्त्वाचे वाटते. हवाई हल्ल्यांतील जखमींसाठी नव्याने उभारलेल्या रुग्णालयांत खाटा मोठ्या संख्येने रिकाम्या राहिल्या. त्या तशाच पडून राहू देण्याऐवजी जॉन्स्टन यांनी क्लाइड खोऱ्यातील युद्धसाहित्याच्या कारखान्यांत राबणाऱ्या कामगारांवर तेथे उपचार सुरू केले, आणि पुढे इतर रुग्णालयांच्या प्रतीक्षायादीत अडकलेल्या हजारो रुग्णांनाही तेथे जागा मिळाली. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हा स्कॉटलंडला हा अनुभव आधीच गाठीशी होता.

दुसरा प्रतिसाद

जलविद्युतेबाबत थोडी भर घालतो. हायलँड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ भागात, पाणी विपुल होते, पण १९३० च्या दशकात खासगी कंपन्यांची तेथील वीजप्रकल्पांची विधेयके संसदेत एकामागून एक फेटाळली गेली होती, कारण जमीनमालक, मासेमारीचे हक्कदार आणि निसर्गसौंदर्याचे कैवारी असे सगळेच विरोधात उभे राहत. जॉन्स्टन यांनी न्यायाधीश लॉर्ड कूपर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिच्या अहवालावरून १९४३ चा कायदा करून घेतला आणि योजना सार्वजनिक मंडळाच्या हाती दिली. दक्षिणेकडील शहरांना वीज विकून येणारा पैसा दुर्गम वाड्यावस्त्यांपर्यंत तारा नेण्यासाठी वापरायचा, हे त्या योजनेचे मर्म होते. उत्तर भागाच्या आर्थिक आणि सामाजिक उन्नतीला हातभार लावणे हे कायद्यानेच मंडळाचे काम ठरवले होते.

त्याच भागातील पिटलॉक्री गावचे धरण पाहिले म्हणजे हा माणूस विरोध कसा हाताळत असे ते कळते. टमेल नदीतून सामन मासे अंडी घालण्यासाठी वर जातात, आणि धरणाने त्यांची वाट बंद होईल म्हणून गावकरी संतापले होते. मंडळाने धरणाच्या कडेने ३१० मीटर लांबीचा, ३४ कुंडांचा जिना बांधला. मासे एका कुंडातून वरच्या कुंडात जात, मध्येच विसावा घेत धरण चढतात. ते पाहायला आज जगभरातून लोक येतात.

तिसरा प्रतिसाद

वरील मांडणी मान्य आहे, तरी दुसरी बाजूही नोंदवायला हवी. वीज आली, पण तिच्यामागून मोठे उद्योग येतील ही आशा बऱ्याच अंशी फोल ठरली आणि हायलँड्समधून तरुणांचे बाहेर जाणे केवळ विजेने थांबले नाही. शिवाय ज्या जमीनमालकीवर त्यांनी तरुणपणी लेखणी चालवली, तिला मंत्री म्हणून त्यांनी फारसा हात लावला नाही. हे मला आजही खटकते.

त्यांचा पूर्वेतिहासही लक्षात घ्यावा. तेव्हाचे युद्धसामग्री मंत्री लॉइड जॉर्ज यांच्या ग्लासगोतील सभेत कामगारांनी घातलेल्या गोंधळाचे खरे वृत्त छापले म्हणून जानेवारी १९१६ मध्ये सरकारने 'फॉरवर्ड' बंद पाडले होते. कर्किन्टिलॉक या आपल्या गावी त्यांनी १९२० मध्ये नगरपालिकेची बँक सुरू करवली. स्कॉटलंडमधील ताग गिरण्यांच्या डंडी शहराचे खासदार असताना ते ताग कामगारांचे नेते जॉन साइम यांच्यासह भारतात आले आणि बंगालमधील गिरणी कामगारांची हलाखी त्यांनी स्वतः पाहिली. हातात असलेल्या साधनाने जेवढे होईल तेवढे आज करावे, ही वृत्ती त्या बँकेपासूनच दिसते.

प्रश्नकर्ता

सर्वांचा मनापासून आभारी आहे. जमीनमालकीबाबतचा आक्षेप मलाही रास्त वाटतो. एक शंका उरते: जलविद्युत मंडळाचे पहिले अध्यक्ष जॉन्स्टन स्वतःच होते का?

दुसरा प्रतिसाद देणारे

नाही. ते १९४६ मध्ये अध्यक्ष झाले आणि १९५९ पर्यंत त्या पदावर राहिले. १९४३ मध्ये मंत्री या नात्याने त्यांनी पहिला अध्यक्ष नेमला तो एअर्लीचा अर्ल, म्हणजे ज्या उमराववर्गावर त्यांनी पुस्तक लिहिले होते त्याच वर्गातला एक जमीनदार.