मासा पोटातून का कुजतो

अभ्यासाचा नमुना म्हणून फॉर्मॅलिनमध्ये (फॉर्मॅल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण) टिकवायला ठेवलेला बरणीतला मासा कधीकधी वरून टणक राहतो, पण पोट फुगून वास सुटतो. फॉर्मॅलिन आत पोचेपर्यंत आतड्यातले पाचक रस आणि जिवाणू काम उरकून टाकतात. बोटापेक्षा मोठा मासा असेल तर पोटाला उजवीकडून चीर द्या (डावी बाजू फोटोसाठी शाबूत हवी) किंवा सिरिंजने द्रावण आत सोडा. द्रावणाचं प्रमाण: बाजारातलं ३७-४० टक्के फॉर्मॅल्डिहाइड १ भाग, पाणी ९ भाग. लिटरमागे ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि ६.५ ग्रॅम डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट घालाच. नाहीतर फॉर्मिक आम्ल साचून हाडांतलं कॅल्शियम विरघळतं. आठवड्याने पाण्यात धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवा. डीएनए हवा असेल तर फॉर्मॅलिनआधीच स्नायूचा तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. हातमोजे आणि मोकळी हवा हवीच, फॉर्मॅल्डिहाइड कर्करोगकारक आहे.