कॅरावॅन ओढताना वेट डिस्ट्रिब्यूशन हिच: हवीच की उगाच खर्च?

भटक्या_मेलबर्न:
मागच्या महिन्यात 2 टनाची कॅरावॅन घेऊन हॉल्स गॅपला गेलो. जोडली की गाडीचं बूड खाली आणि नाक वर, रात्री समोरचे सगळे अप्पर मारून शिव्या घालत होते, आणि स्टिअरिंग असं हलकं की पुढे चाकं आहेत की नाहीत. आता डब्ल्यूडीएच, म्हणजे वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (कॅरावॅनचं वजन पुढच्या चाकांवरही वाटणारी स्प्रिंगच्या दांड्यांची जोडणी) बसवलीय. माझं ठाम मत, एवढं वजन असेल तर हिच्याशिवाय हायवेला येऊच नये.

कोकणी_इन_सिडनी:
झालं सुरू! अहो मागच्या सस्पेन्शनला एअरबॅग (हवा भरायच्या पिशव्या) टाका, गाडी लेव्हल. कशाला ते लोखंडी धूड.

भटक्या_मेलबर्न:
गाडी लेव्हल दिसते हो, पण पुढचं वजन परत येत नाही. साधी तरफ आहे. टो-बॉलवर (ज्या गोळ्यावर कॅरावॅन अडकते) 200 किलो, बॉल मागच्या अ‍ॅक्सलच्या 1.2 मीटर मागे, व्हीलबेस 2.8, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलवर 200 नाही, 286 आले आणि पुढचे 86 गेले. हिचचे स्प्रिंग बार (त्या दांड्या) ते वजन पुढे ढकलतात, थोडं कॅरावॅनच्या चाकांवर टाकतात. माझ्या पुढच्या चाकाची कमान जोडल्यावर 35 मिमी वर गेली होती, बार ताणल्यावर 20 खाली आली.

धुळीचा_रस्ता:
हायवेला ठीक. पण खोल नाल्यातून किंवा ड्राइव्हवेच्या खड्ड्यातून जाताना गाडी आणि कॅरावॅनचा व्ही होतो, बार लाकडासारखे ताठ, सगळा ताण टोबारवर (गाडीच्या मागच्या ओढायच्या दांड्यावर). कच्च्या रस्त्याला मी काढूनच ठेवतो. शिवाय आमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय, वापरू नका, मग कुणाचं ऐकू?

कोकणी_इन_सिडनी:
तेच तर! आणि कॅरावॅनच्या डुलण्यावर हे औषध नाही हे कुणी बोलतच नाही. आमच्या एका मित्राने मागच्या बंपरला दोन सायकली आणि भरलेले जेरीकॅन टांगले, बॉलवरचं वजन गेलं, ताशी 95 किमीला शेपूट हलायला लागली. डब्ल्यूडीएच होती की! शेवटी नुसते कॅरावॅनचे ब्रेक हाताने दाबले तेव्हा सरळ झाली.

भटक्या_मेलबर्न:
हे मान्य. सामान आधी नीट भरा, बॉलवर कॅरावॅनच्या एकूण वजनाच्या 10 टक्के धरा, मग हिच. पण एअरबॅगचं मी अजून ऐकणार नाही.

धुळीचा_रस्ता:
नका ऐकू, फक्त बार काढताना आधी जॉकी व्हीलने (कॅरावॅनच्या पुढच्या टोकाचं खाली-वर होणारं छोटं चाक) टो-बॉल आणि गाडीचं बूड दोन्ही वर उचला. ताणात असताना बार धरणारी साखळी सोडलीत तर हँडल उसळून थेट हनुवटीवर येतं. दोन टाके पडलेत मला.